वारसा नावाचा की हातांचा?

(कामगार अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

५ जुलै २०२३ रोजी एका मोटारसायकलची किंमत भारतात जाहीर झाली. गाडीचे नाव ‘स्पीड ४००’, टाकीवरचे नाव ‘ट्रायम्फ’, आणि किंमत दोन लाख तेहतीस हजार रुपये. पहिल्या दहा हजार ग्राहकांना तीत दहा हजारांची सूट होती. आठवडाभर आधी, २७ जून रोजी, हीच गाडी लंडनमध्ये जगापुढे ठेवण्यात आली होती. तिचा आराखडा इंग्लंडमधील हिंक्ले येथे झाला. गाडी मात्र तयार होते पुण्याजवळच्या चाकणला, बजाज ऑटोच्या कारखान्यात. ट्रायम्फची सर्वांत स्वस्त गाडीही तोवर भारतात सात-आठ लाखांना पडत असे. तेच नाव आता शहरात रोज कामावर जाणाऱ्या तरुणाला हप्त्याने घेता येईल अशा किमतीत आले, म्हणून सर्वत्र कौतुक झाले. पुढल्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, त्याच घराण्याची आणखी मवाळ इंजिनाची ‘स्पीड टी ४’ दोन लाख सतरा हजारांना आली. शहरातील थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीला मानवेल अशी तिची रचना होती.

हा एकट्या ट्रायम्फचा प्रकार नव्हे. मद्रासला १९५५ पासून रुजलेल्या एन्फिल्डने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हंटर ३५०’ ही आटोपशीर गाडी दीड लाखाच्या आसपास बाजारात आणली. २०२० साली भारतातील स्वतःचे उत्पादन गुंडाळून गेलेली अमेरिकेची हार्ले-डेव्हिडसन जुलै २०२३ मध्ये हीरो कंपनीच्या आधाराने परतली, ती ‘एक्स ४४०’ ही एका सिलिंडरची, राजस्थानात तयार होणारी गाडी घेऊन. जुनी, नामांकित, भारी किमतीची घराणी एकामागून एक लहान गाडीकडे वळली आहेत. आणि लहान गाडी विकताना त्या सर्वांच्या तोंडी एक शब्द हटकून येतो. तो शब्द म्हणजे वारसा.

गाडी स्वस्त झाली ही चांगली गोष्ट आहे, आणि तरुणांनी ती हौसेने घ्यावी यात वावगे काही नाही. विचार करायचा तो या वारशाचा. आपल्याकडे वारसा हा शब्द हवेत राहत नाही. घरातला कर्ता माणूस गेला की तलाठ्याच्या दप्तरी वारसांची नावे लागतात. कोणाचे नाव लागले आणि कोणाचे राहून गेले, यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे खटले चालतात. तोच रोकडा प्रश्न या मोटारसायकलीला विचारला पाहिजे. जे नाव आज विकले जात आहे ते कोणी कमावले, कोणी टिकवले, ते कोणाच्या मालकीचे झाले, आणि आज जे हात त्या नावाची गाडी घडवत आहेत त्यांची नोंद कोणत्या दप्तरी आहे?

प्रारंभ मुळापासून करावा लागेल. ‘अस्सल ब्रिटिश’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या या कंपनीचा संस्थापक इंग्रज नव्हता. झीगफ्रीड बेटमान हा न्यूरेंबर्गचा जर्मन तरुण लंडनला आला आणि १८८५ च्या सुमारास त्याने सायकलींचा व्यापार सुरू केला. ‘ट्रायम्फ’ हे नाव त्याने निवडले ते युरोपातील अनेक भाषांच्या लोकांना सहज कळावे म्हणून. कारखाना पुढे कॉव्हेंट्रीला गेला. १९०२ साली ट्रायम्फची पहिली मोटारसायकल निघाली, तिचे इंजिन मिनर्व्हा या बेल्जियन कंपनीचे होते. बेटमान १९१३ मध्ये कॉव्हेंट्रीचा महापौर झाला आणि १९१४ मध्ये महायुद्ध पेटताच जर्मन जन्माचा म्हणून त्याला त्या पदावरून दूर व्हावे लागले. गंमत अशी की त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याला सुमारे तीस हजार मोटारसायकली पुरवल्या त्या त्याच्याच कारखान्याने. संस्थापक जर्मन, पहिले इंजिन बेल्जियन आणि राबणारे हात कॉव्हेंट्रीच्या कारागिरांचे, असा हा वारसा पहिल्या दिवसापासून अनेकांचा आहे. आज तो चाकणला आला यात काही भ्रष्टता झाली असे मानण्याचे म्हणूनच कारण नाही.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री बेचिराख केली, त्यात ट्रायम्फचा कारखानाही गेला. १९४२ मध्ये शहराबाहेर मेरिडन या खेड्याजवळ नवा कारखाना उभा राहिला. युद्धानंतर ट्रायम्फचे नाव जगभर झाले ते या मेरिडनच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांमुळे. १९५१ मध्ये बी. एस. ए. या बर्मिंगहॅमच्या मोठ्या कंपनीने ट्रायम्फ विकत घेतली.

येथे लहान गाडीची गोष्ट सुरू होते. ब्रिटिश उद्योगाला लहान गाडी ठाऊक नव्हती असे नाही. बी. एस. ए.ची १२५ सी.सी.ची ‘बँटम’ १९४८ मध्ये आली. तिचा आराखडा डी. के. डब्ल्यू. या जर्मन कंपनीचा होता आणि तो युद्धाची भरपाई म्हणून ब्रिटनच्या हाती आला होता. टपालवाले, कारागीर, शिकाऊ कामगार यांची ती गाडी झाली. ट्रायम्फनेही १९५३ मध्ये १५० सी.सी.ची ‘टेरियर’ आणि लगोलग २०० सी.सी.ची ‘टायगर कब’ काढली. परंतु लहान गाडीत दर नगामागे नफा थोडा. तो वाढवायचा तर नवी यंत्रे हवीत, प्रचंड संख्येने उत्पादन हवे, म्हणजे आजचा नफा उद्याच्या कारखान्यात घालण्याची तयारी हवी. ती तयारी मालकवर्गाने दाखवली नाही.

तिकडे जपानात होंडाने १९५८ मध्ये ५० सी.सी.ची ‘सुपर कब’ काढली. ट्रायम्फचा विख्यात आरेखक व संचालक एडवर्ड टर्नर १९६० मध्ये जपानचे कारखाने पाहून आला, तेव्हा तेथील यंत्रसामग्री आणि उत्पादनाचा आवाका पाहून तो चकित झाला होता. तरीही ब्रिटिश उद्योगधुरिणांत एक सोयीस्कर समजूत रूढ झाली: जपानी लोक लहान गाड्या विकून तरुणांना मोटारसायकलची सवय लावतील, आणि तेच तरुण पुढे मोठे झाले की मोठ्या ब्रिटिश गाड्या घेतील. शेजाऱ्याने आपल्या शेतात नांगरट करावी आणि पीक आपण कापावे, अशा धाटणीचा हा हिशेब होता. तो उलटला. लहान गाड्यांवर मिळवलेले भांडवल व कौशल्य जपान्यांनी मधल्या गाड्यांत घातले, आणि १९६९ मध्ये होंडाची ७५० सी.सी.ची चार सिलिंडरांची गाडी आली तेव्हा ब्रिटिशांना मागे सरकायला जागा उरली नाही. ब्रिटिश सरकारने बोस्टन कन्सल्टिंग ग्रूपकडून करवून घेतलेल्या १९७५ च्या अहवालाने हेच निदान केले. ज्या वर्गातील गाड्यांत नफा कमी दिसला तो वर्ग सोडून देत देत उद्योग मागे हटत गेला, आणि शेवटी उभे राहायला भूमीच उरली नाही.

तात्पर्य, आज ज्या लहान गाडीच्या रूपाने वारसा परत आणल्याचे सांगितले जाते, ती लहान गाडी याच वारशाच्या मालकांनी एकदा टाकून दिली होती. ती टाकण्याचा निर्णय कामगारांनी घेतला नव्हता. त्याची शिक्षा मात्र कामगारांना झाली.

१९७३ मध्ये बी. एस. ए. कोसळली. सरकारी पैशाच्या आधाराने ‘नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ’ ही नवी कंपनी उभी राहिली आणि तिचे अध्यक्ष डेनिस पूर यांनी सप्टेंबर १९७३ मध्ये मेरिडनच्या कामगारांना सांगितले की हा कारखाना बंद होणार. सतराशेहून अधिक लोकांची रोजी जाणार होती. उत्पादन बर्मिंगहॅमला हलवायचे होते. कागदावर तो हिशेब बिनचूक असेलही. पण मेरिडनच्या लोकांनी तो मानला नाही. त्यांनी कारखान्याच्या दारात ठिय्या दिला. तयार गाड्या, आराखडे, यंत्रे बाहेर जाऊ दिली नाहीत. जवळजवळ दीड वर्ष, दोन हिवाळे, हा पहारा चालला.

मार्च १९७४ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले आणि उद्योगखाते टोनी बेन यांच्याकडे गेले. कामगारांनी मागितले ते असे, की मालकाला कारखाना नको असेल तर तो आम्हांला द्या, आम्ही चालवू. बेन यांनी ही मागणी उचलून धरली. सरकारने ४२ लाख पौंडांचे कर्ज आणि साडेसात लाख पौंडांचे अनुदान दिले आणि मार्च १९७५ मध्ये मेरिडनची कामगार सहकारी संस्था सुरू झाली. कुशल-अकुशल असा भेद न करता सर्वांना आठवड्याला पन्नास पौंड असे सारखे वेतन ठरले. मुकादमांची उतरंड मोडली. ‘बॉनव्हिल’ ही जगप्रसिद्ध गाडी पुन्हा मेरिडनमधून बाहेर पडू लागली.

या प्रयोगाची भाबडी स्तुती करून भागणार नाही, कारण तो अखेर फसला. तो का फसला हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. कामगारांना यंत्रे मिळाली, इमारत मिळाली. पण गाडी विकण्याचे हक्क प्रारंभी जुन्या कंपनीकडेच राहिले. गाडी मेरिडनने करायची आणि बाजार दुसऱ्याच्या हाती, अशी दोन वर्षे गेली. ते हक्क १९७७ मध्ये मिळाले तेव्हा हाती एकाच जुन्या इंजिनाची गाडी होती, आणि नवे इंजिन घडवण्यासाठी लागणारे भांडवल नव्हते. कर्जावरचे व्याज डोईवर होते. मुख्य गिऱ्हाईक अमेरिकेचे. १९७९ नंतर पौंड महागला आणि निर्यातीचा कणा मोडला. सर्वांना सारखे वेतन हे तत्त्व उदात्त होते, परंतु बाहेरच्या बाजारात अधिक मिळत असताना कुशल तंत्रज्ञ टिकवणे त्यामुळे अवघड गेले, आणि पुढे ते तत्त्व सैल करावे लागले. ऑगस्ट १९८३ मध्ये संस्था दिवाळ्यात निघाली. कारखाना पाडला गेला. त्या जागी घरे उठली. तेथल्या एका गल्लीला ‘बॉनव्हिल’ हे नाव दिलेले आहे.

आणि नाव? नाव विकले गेले. जॉन ब्लूर या घरबांधणी व्यावसायिकाने दिवाळखोरीच्या व्यवहारात ‘ट्रायम्फ’ हे नाव आणि उत्पादनाचे हक्क विकत घेतले. त्यांनी हिंक्ले येथे नवा कारखाना उभारला, नवी इंजिने घडवली आणि १९९१ पासून गाड्या विकायला आरंभ केला. या गृहस्थांनी वर्षानुवर्षे नफ्याविना पैसा घातला आणि उत्तम गाड्या काढल्या, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ते नाकारणे हा कोतेपणा होईल. परंतु १९८३ मध्ये त्या नावाला काही मोल उरले होते ते कशामुळे, हेही सांगितले पाहिजे. १९७३ मध्येच मेरिडनचा दरवाजा बंद झाला असता, तर हे नाव तेव्हाच इतिहासजमा होण्याच्या वाटेवर होते. दहा वर्षे ते जिवंत ठेवले ते थंडीत दारावर पहारा देणाऱ्या आणि नंतर सारख्या पगारावर राबणाऱ्या कामगारांनी. दिवाळखोरीच्या लिलावात यंत्रांची किंमत झाली, भंगाराची झाली, नावाची झाली. त्या दहा वर्षांची किंमत झाली नाही. तिच्यासाठी हिशेबाच्या वहीत रकानाच नव्हता.

पुढे हाच कारखाना पूर्वेकडे सरकत गेला. २००२ पासून ट्रायम्फच्या गाड्या थायलंडमध्ये चोनबुरी येथे होऊ लागल्या. २०२० मध्ये हिंक्लेतील बरेचसे उत्पादन तिकडे नेण्याचे आणि तेथील पन्नासेक जागा कमी करण्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी जानेवारीत बजाजशी औपचारिक करार झाला. त्याची बोलणी २०१७ पासून जाहीर होती. दोघांनी एकमेकांत भांडवल गुंतवले नाही. नाव आणि आराखडा एकाचा, कारखाना दुसऱ्याचा, अशी ही विभागणी आहे.

आता चाकणकडे येऊ. भारतीय वाचकाला या घटनेचा अभिमान वाटतो आणि तो अगदीच अस्थानी नाही. ज्या बजाजने एकेकाळी इटलीच्या पियाज्जोच्या परवान्यावर स्कूटर केली, १९७२ मध्ये ‘चेतक’ काढली आणि जिच्या स्कूटरसाठी मध्यमवर्गीय कुटुंबे वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, त्याच कंपनीच्या कारखान्यात आज इंग्लंडची गाडी होते आणि इंग्लंडलाच विकायला जाते. साहेबाची गाडी आमचे लोक तितक्याच कसोशीने घडवतात, हे सिद्ध झाले. पण ‘आमचे लोक’ या दोन शब्दांत कोण कोण येते?

महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांच्या जमिनींवर चाकणची औद्योगिक वसाहत उभी आहे. त्या वसाहतीत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली तरुण मुले राहतात. एका खोलीत चौघे-पाचजण. त्यांतील पुष्कळ जण कायम कामगार नाहीत. कोणी कंत्राटदाराचा, कोणी शिकाऊ, कोणी ठराविक मुदतीचा. हा एखाद्या कारखान्याचा दोष म्हणून सांगितलेला नाही, वाहनउद्योगाची सर्वत्र हीच रीत झाली आहे. एकाच पट्ट्यावर, एकाच गाडीला, दोघे शेजारी-शेजारी बोल्ट आवळतात. एकाची नोंद हजेरीपटावर, दुसऱ्याची कंत्राटदाराच्या वहीत. गाडी मात्र दोघांच्या हातची एकच असते. ग्राहकाला ती कोणाच्या हातची हे ओळखता येत नाही, यातच दोघांचे काम सारखे असल्याचा पुरावा आहे.

याच चाकणमध्ये एका वेगळ्या प्रकारची मागणी झाली होती, ती आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. २५ जून २०१३ रोजी बजाजच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या मागण्यांत पगारवाढ होती, तशी आणखी एक होती: प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे शेअर एक रुपया दराने द्यावेत. बाजारात त्या शेअरला तेव्हा दीड हजार रुपयांहून अधिक मोल होते. मागणी ऐकून अनेकांनी नाके मुरडली. कामगाराने पगार मागावा, बोनस मागावा. शेअर मागावे म्हणजे काय? व्यवस्थापनाने ती अमान्य केली, उत्पादन अन्यत्र हलवण्याची भाषा झाली, आणि सुमारे पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यास, संप मागे घेण्यात आला. शेअर मिळाले नाहीत.

मागणीचा आकडा अवाजवी होता का, यावर वाद होऊ शकेल. संपाची वेळ चुकली का, संघटनेने ताकद जोखली नव्हती का, हेही प्रश्न आहेत. परंतु मागणीमागचा विचार पाहिला पाहिजे. वरिष्ठ अधिकाऱ्यांना सवलतीच्या दराने शेअर देण्याची पद्धत आजच्या उद्योगजगतात शिष्टसंमत आहे. त्यामागे तर्क असा की कंपनी वाढवणाऱ्याला वाढीत वाटा असावा. हाच तर्क निळ्या कपड्यातल्या माणसाने उच्चारला की तो उद्धटपणा ठरतो, याचे समर्थन कोणत्या तर्काने करणार? मेरिडनच्या कामगाराने कारखाना मागितला होता, चाकणच्या कामगाराने एक लहानसा हिस्सा मागितला. दोघांमध्ये चाळीस वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे, दोघांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतील. म्हणणे दोघांचेही एकच होते की आम्ही घडवतो त्यात आमचे काही असावे. संप मिटल्यावर दहा वर्षांनी मेरिडनचे नाव असलेली गाडी त्याच चाकणमधून बाहेर पडली, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. गाडी स्वस्त झाली, लोकांना मिळाली, चाकणला काम मिळाले. मग तक्रार कशाची? याचे उत्तर ‘स्वस्त’ या शब्दापासून द्यावे लागेल. सात लाखांच्या मानाने सव्वादोन लाख स्वस्त खरे. पण दूध घालणारा, वायरमन, कापडदुकानातला नोकर ज्या १०० सी.सी.च्या गाडीवर शहरात फिरतो तिच्या मानाने ही गाडी कितीतरी महाग आहे. सरकारच्या मोजपट्टीतही ती लहान ठरली नाही: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागू झाला. ३९८ सी.सी.ची ‘स्पीड ४००’ या रेषेच्या पलीकडे पडली. मग ही लहान कोणासाठी, परवडणारी कोणासाठी? जो तरुण ती पट्ट्यावर जोडतो त्याला ती घेता येईल का, ही कसोटी लावून पाहावी. ज्या दिवशी याचे उत्तर ‘होय’ येईल त्या दिवशी परवडणारी हे विशेषण सार्थ होईल.

दुसरे असे की, या गाडीच्या किमतीत ग्राहक लोखंडाचे, रबराचे, श्रमाचे पैसे मोजतो, तसे नावाचेही मोजतो. तितक्याच ताकदीची, त्याच कारखान्यातली, पण दुसऱ्या नावाची गाडी कमी पैशात मिळते आणि तरी लोक ही घेतात, कारण नावामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे असे त्यांना सांगितलेले असते. इतिहासाचे पैसे घेतले जात असतील, तर तो इतिहास घडवणाऱ्यांच्या आजच्या वारसदारांना त्यातून काय मिळते, हे विचारणे गैर कसे?

प्रश्न विचारून थांबणे पुरेसे नाही. करता येण्याजोग्या तीन गोष्टी आहेत, आणि त्यांतील एकीलाही क्रांतीची वाट पाहावी लागत नाही.

पहिली गोष्ट, वर्षभर चालणाऱ्या कामाला कायम कामगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी श्रमाला मनाई आहे खरी, पण तिला इतके अपवाद जोडले आहेत की मनाईची धार बोथट व्हावी. या मनाईची अंमलबजावणी करून घेणे हे कामगार संघटनांचे आजचे काम आहे. आणि संघटनेने कंत्राटी मुलाला सभासद करून घेतल्याविना ते होणार नाही. कायम कामगारांची संघटना आणि बाहेर ताटकळणारे कंत्राटी, ही फूट मालकाने पाडली असेल, पण ती जपली अनेकदा संघटनांनीच.

दुसरी गोष्ट, वाट्याचा हक्क. २०१३ ची मागणी अधिक नेटक्या रूपात पुन्हा मांडली पाहिजे. एकेकट्या कामगाराच्या नावे शेअर दिले तर गरजेपोटी ते विकले जातील. त्याऐवजी कामगारांच्या सामाईक न्यासाच्या नावे हिस्सा असावा, दरवर्षी नफ्यातून थोडा थोडा वाढत जावा, आणि त्या हिश्श्याच्या बळावर कामगारांचा प्रतिनिधी संचालक मंडळात बसावा. कोणती गाडी काढायची आणि कोणती टाकायची हे ठरत असताना तो तेथे असला पाहिजे. ब्रिटिश मालकांनी लहान गाडी टाकली तेव्हा तेथे कामगारांचा आवाज असता, तर त्याने हा प्रश्न विचारला असता की आजचा नफा वाचवताना उद्याचा कारखाना तर जात नाही ना.

तिसरी गोष्ट, कारखाना बंद होण्याच्या वेळी कामगारांचा पहिला हक्क. नव्या संहितेने सरकारची परवानगी न घेता बंद करता येणाऱ्या कारखान्यांची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेपर्यंत नेली आहे. मोठा कारखाना यातून सुटेल, पण त्याला सुटे भाग पुरवणारी चाकण-भोसरीतील शेकडो लहान युनिटे या मर्यादेखाली येतात. तेव्हा, बंद करायचे तर आधी कामगारांच्या सहकारी संस्थेला विचारा, असा नियम हवा. हे अशक्य नाही. मुंबईत कुर्ल्याचा कमानी ट्यूब्स हा बंद पडलेला कारखाना १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला आणि त्यांनी तो पुन्हा सुरू करून दाखवला. पुढे खेळत्या भांडवलाच्या टंचाईने त्यालाही ग्रासले. मेरिडन आणि कुर्ला, दोहोंचा धडा एकच निघतो. कारखाना कामगारांना द्यायचा तो त्यात जीव असताना द्यावा, आणि त्यासोबत भांडवल, बाजार व नाव हेही द्यावे. सगळे रक्त काढून घेतल्यावर देह हवाली करायचा आणि तो चालला नाही म्हणून सहकाराला नावे ठेवायची, हा न्याय नव्हे.

मित्रहो, पुण्याच्या रस्त्यावर, सिग्नलपाशी, ही गाडी आता नित्य दिसते. टाकीवर ते जुने नाव असते. त्या नावातल्या एकेका अक्षरामागे कोणी ना कोणी आहे: न्यूरेंबर्गहून आलेला परका तरुण, बॉम्बखाली जळालेल्या कॉव्हेंट्रीचे कारागीर, मेरिडनच्या दारात दोन हिवाळे उभे राहिलेले लोक, हिंक्लेचे आरेखक, आणि चाकणच्या एका खोलीत पाचजणांत राहून पहिल्या पाळीला निघणारा मुलगा. यांतील बहुतेकांच्या वारसाची नोंद कोठेही नाही. ज्यांची राहून गेली त्यांचे आता काही करता येणार नाही. पण शेवटचा मुलगा अजून कामावर आहे, उद्या सकाळी त्याची पाळी आहे, आणि त्याचे नाव लावून घेण्याची वेळ अद्याप गेलेली नाही.